वाऱ्याच्या तोंडावर चालणारे गलबत

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगू हे गाव समुद्रापासून इतके आत आहे की, तेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी चारशे किलोमीटरच्या आत खारे पाणी लागत नाही. गावाच्या नावात 'मडुगु' हा तेलुगू शब्द ऐकू येतो आणि त्याचा अर्थ पाण्याचा डोह असा आहे. परंतु तेथील डोहात शिडाचे गलबत कोणी पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भोवती काळी जमीन आणि कापसाची शेते. मुलांच्या घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजारच्या गुड्यात गोंडी. अशा या गावी एका शिक्षकमित्राकडे आमचा मुक्काम असता, त्यांच्या घरी अभ्यासास येणाऱ्या मुलांपुढे मराठ्यांच्या आरमाराविषयी चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला. शीड म्हणजे काय हे समजावताना आम्ही सहज बोलून गेलो की, वारा शिडात भरतो आणि गलबताला पुढे ढकलतो. त्यावर मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "मग गुरुजी, वारा समोरून असला तर ते घरी कसे येत होते?"

आम्ही उत्तर दिले, "शीड फिरवून." मुलगा गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यात समाधान नव्हते, केवळ शिष्टाचार होता. रात्री विचार करता आम्हांस कळून चुकले की, उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. शीड कसेही फिरवले तरी वारा जर ढकलण्याचेच काम करीत असेल, तर तो गलबतास स्वतःच्या दिशेने ओढून कसा घेईल? पुढे काही दिवस आम्ही या एका प्रश्नामागे लागलो. जे हाती आले ते येथे मांडीत आहोत. शास्त्राचा विषय साहित्याच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न मराठीत विचारला गेला होता, एवढेच आमचे त्यावर म्हणणे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वारा ज्या दिशेने येतो, नेमक्या त्याच दिशेस तोंड करून कोणतेही शिडाचे गलबत सरळ जाऊ शकत नाही. तसे करू गेल्यास शीड निशाणासारखे फडफडत राहते आणि गलबत मागे वाहू लागते. परंतु वाऱ्याच्या दिशेशी तिरपे, म्हणजे वारा समोरून पण थोडा एका बाजूने येत असेल अशा रोखाने, ते पुढे जाऊ शकते. आणि असे आधी उजवीकडे, मग डावीकडे तिरपे जात जात शेवटी वाऱ्याच्या उगमाकडील ठिकाण गाठू शकते. घाट चढताना बैलगाडीचा रस्ता जसा नागमोडी वळणे घेतो, तसाच हा प्रकार आहे. घाटातील गाडी कोठेही उभ्या कड्यावर चढत नाही, तरीही माथ्यावर पोहोचते. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की, समोरून तिरपा येणारा वारा गलबताला तिरपे का होईना, पण पुढे कसा नेतो.

'वारा येईल तशी पाठ द्यावी' अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यवहारात ती किती शहाणपणाची आहे हा प्रश्न निराळा. नौकेच्या बाबतीत मात्र ती आपली दिशाभूल करते. वाऱ्याकडे पाठ केलेले गलबत हे शिडाचे सर्वांत सोपे आणि सर्वांत ढोबळ रूप होय. तेथे शीड म्हणजे वाऱ्यास आडवी धरलेली चादर. तीत वारा अडतो आणि तिला ढकलतो. पण गलबताचा वेग जसजसा वाढतो, तसतसा मागील वारा त्यास कमी जाणवू लागतो. वाऱ्याइतका वेग आला तर शीड लोंबूच लागेल. म्हणजे पाठीवरील वाऱ्याने जाणारे गलबत वाऱ्याच्या वेगाची मर्यादा कधीच ओलांडू शकत नाही. बहुतेक शिडाच्या नौका सर्वांत वेगाने धावतात त्या वारा बाजूने असता. ही गोष्ट कळली म्हणजे 'ढकलणे' ही कल्पना अपुरी आहे, हे ध्यानात येऊ लागते.

आता समुद्र सोडून जरा काळ्या जमिनीकडे येऊ. पावसाळा संपता संपता गाडीवाटेत खोल चाकोरी पडते. त्या चाकोरीत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीला मागच्या कोपऱ्यावर हात लावून तिरपे ढकलावे. ढकलणाऱ्याचा जोर तिरपा असतो. गाडी मात्र तिरपी जात नाही, चाकोरीनेच सरळ पुढे जाते. जोराचा जो भाग आडवा असतो तो चाकोरीची कड झेलून घेते, आणि जो थोडा भाग पुढचा असतो तेवढाच गतीच्या कामी येतो. गलबताच्या तळाशी नाळेपासून मागील टोकापर्यंत जो लांब कणा असतो, तो पाण्यात जणू अशीच चाकोरी पाडतो. गलबत लांबीच्या दिशेने पाणी सहज कापते. आडवे सरकायचे झाल्यास मात्र त्याला आपल्या संपूर्ण कुशीने पाणी लोटावे लागते. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट आहे. त्यामुळे आकाशात पसरलेल्या भल्या मोठ्या शिडाचा आडवा जोर पाण्याखालील लहानशा कण्याला पेलता येतो.

येथपर्यंत वारा बाजूने आणि किंचित मागून असेल तर काय होईल ते समजले. तो किंचित समोरून असेल तर? याचे उत्तर एका वाक्यात आहे आणि सारा उलगडा त्या वाक्यात आहे: शिडावर पडणाऱ्या जोराची दिशा ही वाऱ्याची दिशा नसते. कापड पातळ आणि गुळगुळीत असते. हवा त्याच्या अंगावरून घसरून जाते. घसरण्याच्या दिशेने ती कापडाला फारसे ओढू शकत नाही. म्हणून जो काही जोर लागतो तो बहुतांशी शिडाच्या पृष्ठभागाशी काटकोनात लागतो. वारा कोठूनही येवो, शीड कसे धरले आहे यावर जोराची दिशा ठरते, आणि शीड धरणे माणसाच्या हाती असते.

समजा, वारा नाळेच्या उजवीकडून पंचेचाळीस अंशांवरून येत आहे. खलाशी दोरी आवळून शीड गलबताच्या मध्यरेषेशी अवघ्या अठरा-वीस अंशांच्या कोनात, डाव्या बाजूस थोडे झुकलेले असे ठेवतो. वारा त्या शिडाला तिरपा घासून जातो. शिडावरील जोर शिडाशी काटकोनात, म्हणजे बराचसा डावीकडे आणि थोडासा पुढे असा लागतो. एकूण जोर शंभर भाग धरला तर सुमारे तीस भाग पुढचा आणि पंचाण्णव भाग आडवा, असे साधारण प्रमाण पडते. (तीस आणि पंचाण्णव यांची बेरीज शंभराहून अधिक कशी, असे मुले विचारतील आणि त्यांनी विचारावेच. दोन काटकोनी जोरांची बेरीज पायथागोरसच्या रीतीने वर्ग करून होते.) पंचाण्णव भाग पाण्यातील कणा झेलतो. उरलेल्या तीस भागांवर गलबत चालते, आणि चालते ते वाऱ्याच्या उगमाकडे झुकलेल्या दिशेने.

याहूनही सोपे उदाहरण सीताफळाच्या बीचे आहे. गर चोखून झाल्यावर ओली, बुळबुळीत बी अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबली असता ती टुणकन पुढे उडते. तिला पुढे कोणीही ढकललेले नसते. दोन्ही बोटांचा दाब बाजूंनीच असतो. बीचा आकार निमुळता आणि अंग घसरते असल्यामुळे तो दाब पुढच्या गतीत उतरतो. गलबताच्या बाबतीत एक बोट म्हणजे शिडावरील वारा आणि दुसरे बोट म्हणजे कण्यावरील पाणी. या दोहोंच्या चिमटीतून गलबत सुटते. दोन्हीपैकी एक बोट काढून घ्या, बी जागीच राहील.

हा मुद्दा आम्हांस इतका महत्त्वाचा वाटतो की, त्यावर थोडे अधिक थांबावेसे वाटते. संक्रांतीच्या सुमारास पतंग उडवणारे मूल हेच तत्त्व हातात धरून उभे असते. दोरा ताणलेला असेपर्यंत पतंग वाऱ्यावर चढतो. दोरा कापला की तोच पतंग वाऱ्याबरोबर भरकटत जातो. वारा तोच, कागद तोच. फक्त जमिनीचा आधार सुटलेला असतो. रुईच्या बोंडातून सुटलेली म्हातारी वाऱ्याबरोबर इतकी तंतोतंत जाते की, तिला वारा जाणवतही नसेल. तिला शीड बांधून काय उपयोग? केवळ वाऱ्यात राहून वाऱ्याविरुद्ध जाता येत नाही. गलबत एकाच वेळी दोन लोकांत वावरते: वरचे अंग हवेत, खालचे पाण्यात. वारा आणि पाणी यांच्या वेगांत जो फरक असतो, त्या फरकावर गलबताची उपजीविका चालते. म्हणूनच एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट खरी आहे. वारा पूर्ण पडला आहे, पण नदीला ओढ आहे, अशा वेळी प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या होडीस समोरून मंद झुळूक जाणवते. आणि शीड नीट लावल्यास ती होडी त्या झुळुकीचाही उपयोग करून प्रवाहाहून थोडी पुढे जाऊ शकते. फुकटात काहीही मिळत नाही. वाऱ्याने गलबत चालते तेव्हा शिडामागील वारा तेवढा मंदावलेला असतो. खर्च वाऱ्याच्या खात्यावर पडतो.

शिडावर जोर नेमका उत्पन्न कसा होतो, याविषयी एक चुकीचे स्पष्टीकरण फार पसरलेले आहे, आणि शिक्षकांनी त्यापासून सावध राहावे असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. विमानाच्या पंखासंबंधी असे सांगतात की, पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला अधिक लांब वाट. खालच्या हवेची गाठ तिने मागच्या कडेस एकाच वेळी घ्यावयाची, म्हणून ती वेगाने धावते. आणि वेग वाढला की दाब घटतो. यातील शेवटचे विधान योग्य त्या अटींत खरे आहे. दानिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे मूळ आहे. परंतु वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोहोचलेच पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. या भ्रमाचा निरास करण्यास शिडाइतके उत्तम उदाहरण नाही. शीड म्हणजे एक पातळ कापड. त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी एकच. वाट लांब-आखूड असण्याचा प्रश्नच येत नाही, तरीही शीड गलबत ओढते. प्रयोगांत तर असे दिसते की, आडोशाच्या बाजूची हवा इतकी वेगाने जाते की, दुसऱ्या बाजूच्या जोडीदारणीच्या आधीच ती मागच्या कडेस पोहोचते.

खरे कारण असे की, शीड वाऱ्याची दिशा वळवते. शिडाच्या फुगीर अंगाला चिकटून जाणारी हवा त्याच्याबरोबर वळते. हवेला वळवायचे तर तिच्यावर जोर लावावा लागतो. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवाही तितकाच उलट जोर शिडावर लावते. दाबातील फरक आणि हवेचे वळणे या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच घटनेचे दोन हिशेब आहेत. घरी पाहावयाचे असल्यास नळाची बारीक धार सोडावी आणि चमचा दांड्याने सैल लोंबता धरून त्याची फुगीर पाठ धारेस हळूच टेकवावी. धार पाठीवरून वळते आणि चमचा बाहेर ढकलला न जाता उलट धारेकडे ओढला जातो. शीड फार आवळले तर मात्र हवा त्या वळणाला चिकटून राहत नाही. ती सुटून मागे भोवरे होतात आणि ओढ नाहीशी होते. फार सैल सोडले तर ते फडफडते. या दोन चुकांमधील अरुंद जागा सतत धरून ठेवणे हेच तांडेलाचे कसब. उत्तम तांडेल शीड फडफडण्याच्या अगदी काठावर ठेवतो.

पाण्याखालील कण्याचेही असेच आहे. तो केवळ अडसर नव्हे. तोही पाणी वळवतो. त्यासाठी गलबताने किंचित तिरपे सरकणे आवश्यक असते. चांगल्या आधुनिक नौकेत हे सरकणे चार-पाच अंशांचे असते. उथळ तळाच्या जुन्या गलबतांत ते पुष्कळ अधिक. शिवाय कण्याची पकड वेगावर अवलंबून असते. उभ्या गलबतास ती जवळजवळ नसते. म्हणून जागचे निघताना गलबत आधी वाऱ्यापासून थोडे दूर वळवून त्यास वेग द्यावा लागतो, आणि मग हळूहळू वाऱ्याच्या तोंडाकडे वळवीत आणावे लागते. घाई करणारा जागीच डुलत राहतो.

गलबत वाऱ्याच्या तोंडाशी किती जवळ जाऊ शकते, या कोनावर सागरी इतिहासातील अनेक जयपराजय अवलंबून राहिले आहेत. आणि हा कोन भूमितीत घालून पाहिला म्हणजे इतिहास निराळाच दिसू लागतो. युरोपातील जुन्या मोठ्या जहाजांची मुख्य शिडे चौकोनी असत आणि डोलकाठीला आडव्या बांधलेल्या काठ्यांवर टांगलेली असत. पाठीवरच्या वाऱ्याला ती उत्तम. पण होकायंत्राच्या बत्तीस भागांपैकी सहा भाग, म्हणजे साडेसदुसष्ट अंश, याहून वाऱ्याच्या जवळ त्यांस सहसा जाता येत नसे. अरबी समुद्रातील त्रिकोणी शीड तिरप्या लांब काठीवर चढवलेले असते, आणि त्याची पुढची कड वाऱ्याला सुरीसारखी सामोरी जाते. ते याहून जवळ जाऊ शकते. आजची साधी सफरी नौका पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते. आता समजा, दहा किलोमीटरवरील ठिकाण ऐन वाऱ्याच्या तोंडावर आहे. पंचेचाळीस अंशांनी जाणाऱ्या नौकेस नागमोडी वाटेने सुमारे चौदा किलोमीटर चालावे लागेल; साठ अंशांनी जाणारीस वीस; साडेसदुसष्ट अंशांनी जाणारीस सव्वीस. त्यातच शेवटची नौका आणखी दहा अंश आडवी सरकत असेल, तर तिची वाट सेहेचाळीस किलोमीटरची होते! कोनातील थोडा फरक आणि वाटेतील हा केवढा फरक. त्रिकोणमितीचा तास रुक्ष वाटतो अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर ठाणे घातले. मुंबईकर इंग्रजांनी ते उठवण्यासाठी जहाजे पाठवली. त्यांची 'रिव्हेंज'सारखी जहाजे आणि त्यांवरील तोफा मराठ्यांच्या होड्यांहून कितीतरी भारी होत्या. तरीही किनाऱ्यावरून बेटावर माणसे आणि सामान पोहोचत राहिले. १८ ऑक्टोबरच्या लढाईत 'डोव्हर' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांस मिळते घ्यावे लागले. याचे सारे श्रेय त्रिकोणी शिडास देणे हा अतिरेक होईल. होड्या उथळ पाण्यातून जात, वारा पडला की वल्ह्यांवर चालत, रात्रीचा फायदा घेत. पण ज्या अरुंद समुद्रात वारा क्षणाक्षणाला बदलतो, तेथे वारा कोठूनही असो, चालू शकणारी लहान तारवे आणि सोईचा वारा लागेपर्यंत थांबणारी मोठी जहाजे, यांच्यातील तो सामना होता, हे विसरून चालणार नाही.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळातील गुराबा आणि गलबते यांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि मोठ्यांत मोठी गुराब तीनशे टनांची असे; गलबत सत्तर टनांपर्यंतचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे आणि मुख्य डोलकाठीवर एक भले मोठे त्रिकोणी शीड असलेले. मंद वाऱ्यात गलबते गुराबांना ओढून नेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर जे प्रकरण आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. तरांडी फार थोर नसावीत आणि फार लहानही नसावीत, वाऱ्यावाचून कामास न येणारी अवजड जहाजे बांधण्याच्या भरीस पडू नये, वारा प्रतिकूल झाल्यास हट्टाने न झुंजता किल्ल्याच्या आश्रयास यावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. हे प्रकरण आपण राजनीतीचे गद्य म्हणून शिकवतो. वाऱ्याचा कोन आणि वल्ह्याचा हिशेब जाणणाऱ्या माणसाचे ते गद्य आहे, हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

त्रिकोणी शिडाचेही दोष होते. दिशा बदलताना ती लांब, जड काठी डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस न्यावी लागे. भर वाऱ्यात नाळ वाऱ्यासमोरून फिरवून हे करणे धोक्याचे. म्हणून खलाशी बहुधा वाऱ्याला पाठ देऊन मोठा वळसा घेत आणि थोडी कमावलेली वाट गमावत. कापडाचाही प्रश्न होता. सुती शीड ताणाने पोक धरते, आणि पोक धरलेले शीड पाठवाऱ्यास चालले तरी समोरच्या वाऱ्यास निकामी. मुंबईच्या डोंगरीवरून नाव मिळालेले जाडेभरडे सुती कापड तंबूंसाठी आणि शिडांसाठी वापरात होते. इंग्रजीत पुढे त्याचीच 'डंगरी' झाली. कापसाच्या मुलखातील मुलांना एवढी ओळख पुरेशी जवळची वाटावी.

किनाऱ्यावरच्या खलाशांनी तर समोरच्या वाऱ्याशी झुंज घेण्याऐवजी त्याला बाजूचा वारा करून टाकण्याची युक्ती साधली होती. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे हे दोन शब्द आपण पाठ करून घेतो: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मलबारकडून उत्तरेस येणाऱ्या फत्तेमाऱ्यांना हिवाळ्या-उन्हाळ्यात वायव्येचा वारा तोंडावर लागे. त्या पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनाऱ्यापासून बाहेर तिरप्या निघत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर पुन्हा किनाऱ्याकडे तिरप्या येत. दोन्ही वेळा थोडी थोडी उत्तर पदरात पडे. पावसाळ्यात मात्र शिडे उतरवलेली असत. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावरच ती पुन्हा चढत.

आजही हे ज्ञान केवळ इतिहासजमा झालेले नाही. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलातील दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच गोव्यात अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून, फळ्या काथ्याने शिवून, 'कौंडिण्य' हे जहाज बांधले गेले आणि २०२५ साली नौदलात दाखल झाले. त्याची शिडे चौकोनी आहेत. ही दोन जहाजे शेजारी उभी केली तर वाऱ्याच्या कोनाचा दीड हजार वर्षांचा इतिहास एका दृष्टिक्षेपात पाहावयास मिळेल.

तलमडुगूस आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मित्राच्या ओसरीवर एक प्रयोग केला. तो कोणत्याही शाळेत करता येईल, म्हणून तपशील देतो. हलक्या लाकडी फळीला चार चाके लावून गाडी केली. चाके गुळगुळीत आसांवर अगदी हलकी फिरली पाहिजेत. कण्याचे काम येथे चाके करतात, कारण चाक पुढे सहज जाते आणि आडवे जात नाही. मध्यभागी जाड पुठ्ठ्याचे शीड उभे केले, ते गाडीच्या रेषेशी सुमारे वीस अंशांत. समोर टेबलपंखा ठेवला आणि गाडीचे तोंड पंख्याच्या रोखापासून पन्नास-साठ अंश वळवले. पहिल्या खेपेस गाडी आडवी घसरून कलंडली. फळीवर दगड ठेवून वजन वाढवले तेव्हा ती जागची हलेना. आसांना तेल घातले. तिसऱ्या खेपेस गाडी हळूच निघाली आणि तिरपी चालत पंख्याच्या बाजूस वीतभर पुढे गेली. प्रश्न विचारणारा तो मुलगा तेथे होता. त्याने काही न बोलता गाडी उचलली, पुठ्ठा दुसऱ्या बाजूस वळवला, तोंड उलट्या अंगास केले आणि पुन्हा खाली ठेवली. आता गाडी दुसऱ्या तिरप्या वाटेने पंख्याकडे सरकू लागली. असे चार वेळा करून त्याने ती पंख्याच्या पायाशी नेली, आणि मग आमच्याकडे वळून त्याने विचारले की, गाडीच्या जागी होडी असेल आणि पाणीही वाहत असेल, तर कोन किती धरायचा.

आम्ही पाटी मागवली.